पियानो येतो, आता चर्चचा ऑर्गन शिकायचाय? मग इथून सुरू करा

ज्यांना पियानो बऱ्यापैकी येतो, म्हणजे चौथी-पाचवी ग्रेड झालीये किंवा गीताचे चारही भाग (सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस) बघून वाजवता येतात, आणि आता चर्चमध्ये कोणीतरी "तुला पियानो येतो ना, मग ऑर्गन पण येईलच" असं म्हणून चावी हातात दिलीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझंही असंच झालं. मी मूळची नगरची, आमच्या चर्चमध्ये लहानपणी पायपेटी होती, पियानो नंतर पुण्यात शिकले आणि लग्न होऊन इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात आले. तिथल्या चर्चचे ऑर्गनिस्ट काका वयामुळे थांबले, व्हिकरबाईंनी (म्हणजे तिथल्या पाळकबाईंनी) मला विचारलं आणि मी हो म्हणाले. पहिल्या रविवारी एकही चुकीची पट्टी दाबली नाही, तरी दुसऱ्या कडव्यापासून मंडळींचं गाणं विस्कटलं. मला कितीतरी महिने कळेना की सगळे सूर बरोबर असताना चुकलं काय. चुकलं हे होतं की मी एकही सूर वेळेवर सोडला नव्हता.

पियानोचा सूर दाबला की लगेच विरायला लागतो, तुम्ही काही केलं नाही तरी तो संपतो. ऑर्गनचा सूर बोट उचलेपर्यंत जशाच्या तसा चालू राहतो, एक मिनिट धरा नाहीतर दहा मिनिटं. म्हणजे पियानोवर आपण सगळं लक्ष सूर सुरू कसा होतो त्यावर देतो आणि इथे सूर कधी संपवायचा हे पण तुम्हालाच ठरवावं लागतं, प्रत्येक सुराचं, प्रत्येक बोटाचं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं सगळं मेहनतीचं काम आहे, अवघड नाही.

आधी वाद्य बघून घ्या

पहिल्या दिवशी वाजवायची घाई करू नका. ब्लोअर चालू करा (हा म्हणजे विजेवर चालणारा भाता, पूर्वी मागे बसून माणूस भाता मारायचा) आणि एकेक स्टॉप (म्हणजे एकेका प्रकारच्या पाइपांचा आवाज चालू करणारी खुंटी) ओढून एकच पट्टी दाबून ऐका. प्रत्येक स्टॉपवर नाव असतं आणि एक आकडा असतो. ८ म्हणजे ८ फूट, त्या स्टॉपचा सगळ्यात खालचा सी वाजवणारा उघडा पाइप साधारण ८ फूट लांब असतो म्हणून. ८ चा स्टॉप पियानोसारखाच, जी पट्टी दाबाल तोच सूर. ४ म्हणजे एक सप्तक वर, २ म्हणजे दोन सप्तकं वर, १६ म्हणजे एक सप्तक खाली. ज्यांनी डबल रीडची पेटी वाजवलीये त्यांना खर्ज आणि नर माहितीच आहेत, हे तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. कधी कधी २ २/३ असा विचित्र आकडा दिसेल, तो स्टॉप दाबलेल्या सुराच्या वरच्या सप्तकातला पंचम वाजवतो. तो एकटा कधीच वापरायचा नसतो, ८ आणि ४ च्या जोडीला घातला की आवाजाला धार येते.

आवाजाची घराणी चार. डायपेसन किंवा प्रिन्सिपल, हा ऑर्गनचा स्वतःचा असा आवाज, जो दुसऱ्या कुठल्या वाद्याची नक्कल करत नाही. मग फ्लूट, मऊ आणि गोल. मग स्ट्रिंग, बारीक, जरा कातर. आणि रीड, म्हणजे ट्रम्पेट, ओबो वगैरे, ज्यात पाइपच्या बुडाशी पितळेची जीभ थरथरते. सुरुवातीला पहिली दोन घराणी पुरेत.

हाताच्या कीबोर्डला मॅन्युअल म्हणतात, पायांनी वाजवायच्या कीबोर्डला पेडलबोर्ड. छोट्या इंग्लिश चर्चमध्ये बहुतेक दोन असतात, खालचं ग्रेट आणि वरचं स्वेल. स्वेलचे पाइप एका मोठ्या लाकडी पेटीत बंद असतात आणि पुढे झडपा असतात, पायाच्या एका पेडलने त्या उघडबंद करून आवाज लहानमोठा करता येतो. लहानमोठं करायचा हा आणि स्टॉप वाढवणं-कमी करणं एवढेच मार्ग आहेत, पट्टी जोरात दाबून काहीही होत नाही. पियानोवाल्यांचा हात सवयीने जोर लावतोच, खांदे दुखायला लागले की समजायचं आपण अजून पियानोच वाजवतोय. कपलर नावाचे काही स्टॉप असतात, 'स्वेल टू ग्रेट' ओढलं की ग्रेटवर वाजवताना स्वेलपण सोबत वाजतं, 'ग्रेट टू पेडल' ओढलं की पायाच्या सुराला ग्रेटचा आवाज जोडला जातो.

जाता जाता पायपेटीबद्दल, कारण महाराष्ट्रात पुष्कळांनी 'ऑर्गन' म्हणून तीच बघितलेली असते, चर्चमध्ये किंवा जुन्या संगीत नाटकांच्या साथीला. ती रीड ऑर्गन, पाइप नसतात, पायांनी भाता मारायचा आणि गुडघ्याजवळच्या दांड्यांनी आवाज वाढवायचा. तिच्यावर पायांनी सूर वाजवत नाहीत. पण तुमच्या चर्चमध्ये ती धूळ खात पडली असेल आणि अजून हवा धरत असेल तर तिला अजिबात कमी लेखू नका, पुढची जी पायरी आहे म्हणजे बोटं, ती तिच्यावर शंभर टक्के शिकता येते.

मग फक्त हात, निदान दोन आठवडे

सस्टेन पेडल नाहीये. पियानोवर आपण किती ठिकाणी उडी मारून पेडलने झाकतो हे ऑर्गनवर बसल्यावरच कळतं. आता दोन सूर जोडायचे तर बोटांनीच जोडायचे. त्यासाठी दोन युक्त्या. एक, बोट बदलणं: पट्टी दाबलेलीच ठेवून त्याच पट्टीवर तिसऱ्या बोटाच्या जागी पाचवं आणायचं, आवाज तुटू न देता, म्हणजे तिसरं पुढच्या सुरासाठी मोकळं. दोन, घसरणं: अंगठा एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर सरकवायचा, काळ्यावरून पांढऱ्यावर तर कुठलंही बोट घसरतं. सी मेजर स्केल एका हाताच्या फक्त चौथ्या-पाचव्या बोटांनी जोडून वाजवून बघा, फार हळू, एवढा एक सराव रोज पाच मिनिटं केला तरी फरक पडतो.

८ फुटी फ्लूट एकटा ओढा आणि तुम्हाला पाठ असलेलं एखादं साधं गीत वाजवा. आता ऐका, प्रत्येक जागी दोन पट्ट्या एकमेकींवर चढतायत का, की मध्ये फट पडतेय. एवढ्या कोरड्या आवाजात सगळं उघडं पडतं. मग तेच गीत मुद्दाम प्रत्येक सूर अर्धाच धरून वाजवा, अर्धा सूर अर्धी शांतता, अगदी मोजून. हा सराव सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळे तो टाळतात. शांततेलाही लांबी असते हे बोटांना त्याने कळतं.

बाखचे दोन भागांचे इन्व्हेन्शन पियानोवर केले असतील तर ते काढा, उजवा हात स्वेलवर आणि डावा ग्रेटवर ठेवून वाजवा. ओळखीचंच संगीत पण दोन हात दोन उंचीवर, दोन वेगळ्या आवाजांत, मजा येते आणि कान उघडतात.

पाय

बूट आधी. स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, रबर पट्टीला चिकटतं आणि रुंद तळव्याखाली दोन पट्ट्या येतात. पातळ चामड्याचा तळवा, अरुंद पुढचा भाग आणि थोडी टाच असलेला बूट पाहिजे. ऑर्गनचे खास बूट मिळतात पण बॉलरूम डान्सचे चामडी तळव्याचे बूट पण छान काम देतात. हे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत, चर्चमध्ये येऊन बदलायचे, वाळूचा एक कण लाकडी पट्टीवर ओरखडे काढतो. आपल्याकडे बऱ्याच गावांत चर्चमध्ये चपला बाहेर काढून आत जातात, तिथे हे वेगळे आणि स्वच्छ बूट आहेत, फक्त वाद्यासाठी आहेत, हे पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा. अनवाणी शिकू नका, टाच वापरता येत नाही.

बाकाची उंची अशी की बसल्यावर पाय पट्ट्यांना जेमतेम टेकतील पण त्या दाबल्या जाणार नाहीत. पेडलबोर्डला बहुतेक ३० किंवा ३२ पट्ट्या असतात, कीबोर्डसारखीच रचना, लाकडी आणि लांब. पाय बुटाच्या आतल्या कडेने, अंगठ्याच्या बाजूने पडतो, पूर्ण तळवा नाही, आणि हालचाल घोट्यातून होते, मांडी उचलायची नाही. गुडघे जवळ जवळ ठेवले की दोन पायांमधलं अंतर मोजायला सोपं जातं.

खाली बघायचं नाही. मला माहितीये की बघावंसं वाटतं. त्याऐवजी काळ्या पट्ट्यांमधल्या मोठ्या फटी शोधा, दोनच्या आणि तीनच्या गटांमध्ये जी रिकामी जागा असते ती. पाय हलकेच पुढे सरकवला की तो त्या फटीत जातो आणि आपण कुठे आहोत ते कळतं. अंधारात स्वयंपाकघरातला डबा हाताला लागतो तसंच, जागा ठरलेली असते, फक्त सवय लागायला हवी.

सुरुवात शेजारशेजारच्या दोन सुरांपासून, डावा उजवा डावा उजवा, नुसत्या बुटांच्या टोकांनी. मग एक पट्टी सोडून, मग टाच. ऑर्गनची पानं तीन ओळींची असतात, सगळ्यात खालची पायांची. त्यात सुराच्या वर खूण असेल तर उजवा पाय, खाली असेल तर डावा, टोकदार खूण म्हणजे बुटाचं टोक आणि गोल खूण म्हणजे टाच. दिवसाला वीस मिनिटं पुरेत, जास्त केलं की पोटऱ्या आणि कंबर बोलायला लागतात.

डावा हात, खरी अडचण इथे आहे

पाय शिकणं अवघड असं सगळे सांगतात पण मला तसं वाटत नाही. पाय नवे असतात, त्यांना कसलीच सवय नसते, ते शिकतात. डाव्या हाताला मात्र वर्षानुवर्षांची सवय आहे की सगळ्यात खालचा सूर माझा, माझ्या करंगळीचा. आता बेस पायांना द्यायचा आणि डाव्या हाताने फक्त टेनर, म्हणजे बेसच्या लगेच वरचा भाग, वाजवायचा, आणि करंगळी ते काही केल्या ऐकत नाही. पाय सी वर गेला की डावी करंगळी पण सी शोधायला खाली जाते, किंवा उलट, डावा हात वर गेला की पाय पण त्याच्यामागे वर जातो. मी यात सहा-सात महिने अडकले होते आणि एकदा तर सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

एक गीत घ्या, सोपं आणि संथ. मी 'ओल्ड हंड्रेड्थ' ही चाल घेतली होती, १५५१ च्या जिनिव्हाच्या स्तोत्रसंहितेतली, जगभरच्या चर्चमध्ये गातात, चारच ओळी आहेत. पहिले दोन-तीन दिवस बेस नुसत्या पायांनी. मग टेनर नुसता डाव्या हाताने, तो एकटा गाऊन पण बघा, कारण पियानोवर आपण टेनर कधी ऐकलेलाच नसतो, तो बोटांच्या मधे कुठेतरी असतो. मग डावा हात आणि पाय, उजवा हात मांडीवर ठेवून. इथेच राहायचं, आठवडा लागो नाहीतर तीन आठवडे, आणि एवढ्या हळू की चूक व्हायला वेळच मिळू नये. हे दोघं एकमेकांपासून सुटले की मगच उजवा हात आणायचा, तो तर एका दिवसात येतो.

घरी ऑर्गन नाही ही अडचण असते, तर ही माझी पद्धत: साध्या पियानोवर किंवा कीबोर्डवर डाव्या हाताने टेनर वाजवायचा आणि बेस तोंडाने म्हणायचा. मोठ्याने. बेस हातातून काढून दुसरीकडे ठेवायची मेंदूला सवय लागते, आणि नंतर तोंडातला बेस पायात जायला फार वेळ लागत नाही.

पायांना सहसा १६ फुटी स्टॉप लावतात, बोर्डन नावाचा असतो बहुतेक ठिकाणी, म्हणून लिहिलेल्या सुराच्या एक सप्तक खालून आवाज येतो. त्याचा तळाचा सी साधारण ३३ हर्ट्झचा असतो, कानापेक्षा बाकाला जास्त कळतो. पहिल्यांदा हात आणि पाय बरोबर जुळले आणि खालून तो सूर आला तेव्हा मी थांबून नुसती बसून राहिले होते.

लोकांना गायला लावणं

आता पहिल्या रविवारची गोष्ट. चर्चमध्ये ऑर्गनिस्ट साथ करत नाही, पुढे चालतो. मंडळींनी कधी सुरू करायचं, कुठे श्वास घ्यायचा, कधी थांबायचं हे सगळं त्यांना तुमच्या आवाजातूनच कळतं, आणि आवाज अखंड चालू असेल तर कळणार कसं? प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर थोडा आधी सोडायचा, एक मात्रा किंवा अर्धी, तुम्ही स्वतः श्वास घ्याल तेवढाच. मी मनातल्या मनात शब्द म्हणते, नेहमी, त्याशिवाय वाजवतच नाही. जिथे मला श्वास लागतो तिथे हात उचलतो.

सुरुवातीला पहिली ओळ किंवा पहिली आणि शेवटची वाजवून दाखवा, ज्या लयीत गाणार आहात अगदी त्याच लयीत. मग ठरलेली शांतता आणि पहिलं कडवं. दोन कडव्यांच्या मधे शेवटचा कॉर्ड ठरलेल्या मात्रा धरायचा, एकदम स्वच्छ सोडायचा, ठरलेल्या मात्रा थांबायचं आणि सुरू. किती मात्रा ते तुम्ही ठरवा, पण प्रत्येक कडव्याला तेवढ्याच. तिसऱ्या कडव्यापर्यंत लोकांच्या अंगात ते भिनतं आणि सगळे एकदम सुरू करतात.

चालीतला एकच सूर लागोपाठ आला तर दोन वेळा वेगळा ऐकू आलाच पाहिजे, पहिला थोडा आधी सोडा. मधल्या आवाजांमधले असे सूर मात्र धरून ठेवले तरी चालतात, उलट त्याने सगळं एकत्र बांधलं जातं.

आणि मंडळींचं ऐकून हळू होऊ नका. आवाजाला ३४ मीटर जायला एक दशांश सेकंद लागतो आणि तेवढाच परत यायला, त्यात माणसं ऐकून मग गातात, म्हणजे मागच्या बाकांवरचं गाणं तुमच्यापर्यंत उशिराच पोचणार. तुम्ही त्यांच्यासाठी थांबलात की ते तुमच्यासाठी थांबतात आणि चौथ्या कडव्यात गीत झोपतं. एकदा कोणाला तरी वाजवायला बसवून स्वतः मागे जाऊन ऐका, बाकावर जे कानठळ्या बसवतं ते मागे किती मऊ पोचतं ते कळेल.

स्टॉप साधे ठेवा: ग्रेटवर ८, ४ आणि शेवटच्या कडव्याला २, पायाला १६ आणि 'ग्रेट टू पेडल'. थरथरणारा ट्रेम्युलंट गीताला लावू नका. लोकांना सूर पकडता येत नाही.

मराठी उपासनेत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं, अभंग असतात, त्यांच्या नगरमध्ये तर मी त्या भजनांवरच वाढले. ती चार भागांत वाजवू नका, कॉर्डच्या भिंतीत चाल अडकते आणि ऑर्गनला मींड घेता येत नाही. एक मऊ ८ फुटी फ्लूट, फक्त चाल, आणि पायाने खाली षड्ज धरून ठेवायचा तानपुऱ्यासारखा. बाकी तबल्यावर सोडा.

काय वाजवायचं, कुठे वाजवायचं

पहिलं वर्ष गीतंच करा, दुसऱ्या कशाने एवढा पाया तयार होत नाही. त्यानंतर बाखचं 'ऑर्गेलब्यूखलाइन', त्यात ४६ छोट्या कोराल-रचना (जर्मन चर्चगीतांच्या चालींवरच्या) आहेत, बहुतेक वायमारमध्ये असताना लिहिलेल्या, आणि पहिल्या पानावर त्याने स्वतःच लिहिलंय की हे शिकाऊ ऑर्गनिस्टसाठी आणि पेडलचा सराव व्हावा म्हणून आहे. सोपं आहे असं समजू नका, पण बीडब्ल्यूव्ही ६३९ ने (हा बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) सुरुवात करता येते, संथ आहे, तीनच आवाज आहेत: उजव्या हाताला चाल, डाव्याला सोळांश सुरांची धार, पायांना बेस. त्याआधी काही हवं असेल तर फ्रेंच ऑर्गनिस्ट मार्सेल दुप्रेने शिकणाऱ्यांसाठी केलेले ७९ कोराल बघा, ओपस २८. शोपँ वगैरे आणू नका, ते संगीत सस्टेन पेडलवर जगतं.

सरावासाठी वाद्य मिळवायचं तर सरळ चर्चमध्ये जाऊन विचारायचं. इंग्लंडमध्ये रिकामे ऑर्गन भरपूर आणि वाजवणारे कमी, व्हिकरना दोन ओळींचं पत्र लिहिलं तर बहुतेक हो म्हणतात, जवळची ऑर्गनिस्ट लोकांची संघटना शिक्षक पण सुचवते. मुंबईत फोर्टच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आणि कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहेत, आधी उपासनेला जाऊन ऐका, मग तिथल्या ऑर्गनिस्टना भेटा, जमलं तर पियानोच्या शिक्षकांचं पत्र घेऊन जा. ग्रेड करायच्या असतील तर ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या दोन्ही ब्रिटिश संस्थांकडे ऑर्गनचा अभ्यासक्रम आहे.

घरी करायचं तर ग्रँडऑर्ग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, खऱ्या ऑर्गनचे रेकॉर्ड केलेले पाइप त्यात घालून मिडी कीबोर्डवर वाजवता येतात. दोन जुने कीबोर्ड एकावर एक आणि शक्य झालं तर सेकंडहँड मिडी पेडलबोर्ड. हेडफोन लावून रात्री पण बसता येतं.

रविवारी सकाळी

अर्धा तास आधी जा. ब्लोअर चालू करून हवा भरू द्या, आदल्या माणसाने ओढून ठेवलेले स्टॉप आणि कपलर आत ढकला, बाक आपल्या उंचीवर आणा. थंडीत पाइपचे सूर खाली उतरतात पण रीडचे फारसे हलत नाहीत, म्हणून गार चर्चमध्ये ट्रम्पेट बाकीच्यांना फटकून वाजतो, आपल्याकडे मे महिन्यात उलट बाजूने तेच होतं. त्या दिवशी रीड न लावलेलेच बरे. ट्यूनर आल्याशिवाय स्वतः हात घालू नका.

मधेच एखादा सूर दाबून न ठेवता वाजतच राहिला तर घाबरू नका, त्याला सायफर म्हणतात, दमट हवेत हमखास होतो. ती पट्टी पटापट चार-पाच वेळा दाबून सोडा, बऱ्याचदा सुटतो. नाही सुटला तर एकेक स्टॉप आत ढकलत जा, ज्याने आवाज थांबेल तो स्टॉप त्या दिवसापुरता बंद, आणि उरलेल्यांवर गीत चालू ठेवा.

सगळे गेल्यावर स्टॉप आत, ब्लोअर बंद, आणि स्वेलच्या झडपा उघड्या ठेवून जा, म्हणजे पेटीच्या आतलं आणि बाहेरचं तापमान एकच राहतं आणि पुढच्या रविवारी दोन्ही मॅन्युअल एकमेकांशी सुरात लागतात.